उन्हाचा मुहूर्त

माझं लग्न कोणाशी लागलं हे सांगणं सोपं आहे. ते कोणाच्या सोयीनं लागलं, हे सांगायला जरा वेळ लागेल. नवऱ्याच्या सोयीनं नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही. ते लागलं नव्या पेठेतल्या एका फोटोग्राफरच्या सोयीनं. आणि त्याला कारण माझी आई.

आम्ही तिघी बहिणी, मी धाकटी. वडील सोलापुरात शाळामास्तर. आमच्याकडे रीत अशी, की मुलीच्या आईनं मुलीच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता बघायच्या नाहीत. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं उठायचं, मागच्या परसात तुळशीपाशी जाऊन बसायचं आणि तुळशीला पाणी घालायचं. लेकीचं लग्न तिनं नुसतं कानांनी ऐकायचं. असं का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. ‘दृष्ट लागते’ असं उत्तर मिळालं. आईचीच दृष्ट कशी लागते, असं पुढं विचारल्यावर धपाटा मिळाला, तेव्हा ती रीत बरोबरच असावी.

थोरलीच्या लग्नात आईनं तुळशीला इतकं पाणी घातलं की तुळस कुजायला आली. मधलीच्या लग्नानंतर तिनं वेगळीच तऱ्हा केली. जो भेटेल त्याला विचारायची, अंतरपाट दूर झाला तेव्हा पोरीचं तोंड कसं झालं होतं हो? वडील म्हणाले, पंगती वेळेवर उठल्या. आत्या म्हणाली, विहिणीच्या शालूचा काठ हलका होता. मला विचारलं तर मी म्हणाले, मी बत्तासे खात होते. एवढी माणसं डोळे उघडे ठेवून उभी होती, आणि एकालाही माझ्या बहिणीचं तोंड आठवेना.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं जे मागितलं ते कधी कोणी मागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रुखवताच्या कुरडया घालता घालता, मान वर न करता ती वडिलांना म्हणाली, “अहो, हिच्या लग्नाला फोटोवाला बोलवायचा.”

“फोटो? तो कशाला?”

“अंतरपाट बाजूला होतो ना, तेवढ्या घटकेचा एक फोटो पाहिजे मला. दुसरा नको.”

“अगं, पण लग्नात फोटोला मध्ये कोण उभं राहू देतंय?”

“दोघींचं मी बघितलं नाही. ही शेवटची. हिचं मला कागदावर तरी बघू द्या की.”

आईनं आयुष्यात वडिलांकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. वडिलांनाही आठवलं नसावं. ते उठले, टोपी घातली आणि नव्या पेठेत गेले.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर घर बघायला आला. अंगात कोट, डोक्याला साहेबी टोप, आणि चेहऱ्यावर असा भाव की लग्न त्याच्याच मुलीचं आहे आणि आम्ही मांडववाले आहोत. त्याचे आजोबा मागावर लुगडी विणायचे आणि घरी तेलुगू बोलायचे. हा मात्र स्वतःला आर्टिस्ट म्हणवून घ्यायचा. त्यानं मांडव बघितला, वर टाकलेलं कापड बघितलं, आणि मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं.

“गोरज,” वडील म्हणाले. “दिवेलागणीला.”

“गोरजाला फोटू?” तो हसला. “मास्तर, तितं काय हाय? अंधार. नवरा काळा, नवरी काळी, भटजीचं धोतर तेवढं पांढरं दिसंल.”

वडिलांनी विचारलं, ते भक्कन पेटणारं पांढरं चूर्ण असतं ना तुमच्याकडे, त्यानं होणार नाही का? तर म्हणाला, हाय की, गेल्या महिन्यात एका लग्नात लावलं होतं. फोटो झकास आला, फक्त मांडवाचं तोरण पेटलं. वडिलांनी तो विषय तिथंच बंद केला.

“मग काय करायचं?”

“मुहूर्त मागं घ्या की. तुमचा मुहूर्त सरकंल, सूर्य न्हाय सरकायचा.” शिवाय त्यानं अशीही सूचना केली, की लग्न त्याच्या दुकानातच लावावं. तिथं रंगवलेला पडदा आहे, पडद्यावर तळं आहे, तळ्यात हंस आहेत. वडील क्षणभर विचारात पडलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. आई आतून म्हणाली, “आणि तुळस काय त्या तळ्यात लावू?” तेव्हा कुठं ते भानावर आले.

मग आमचे उपाध्ये आले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी पंचांग मिटवून मांडीवर ठेवलं. “मास्तर, यात तिथी आहे, नक्षत्र आहे, योग आहे, करण आहे. ऊन नाही.” वडील वाद घालायला लागले, उपाध्ये चिडायला लागले. शेवटी आईच बाहेर आली. पदर सावरून, जमिनीकडे बघत म्हणाली, “गुरुजी, माझ्या दोन्ही लेकींची लग्नं तुम्ही लावलीत. दोन्ही वेळा त्यांची तोंडं तुम्ही बघितलीत. मी नाही.”

उपाध्यांनी पंचांग पुन्हा उघडलं, आणि सकाळचा एक मुहूर्त होता तो दिसला. आधी दिसला नव्हता, असं म्हणाले. वरपक्षालाही तो चालला. ते विजापूरकडचे. गोरजाचं लग्न उरकून रात्री होटगीला गाडी बदलायची म्हणजे त्यांच्याही जिवावर आलं होतं.

आता प्रश्न राहिला उन्हाचा. सोलापूरच्या वैशाखातलं ऊन आजवर कुणी मागून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या घरी मात्र आठवडाभर त्याचीच वाट बघणं चाललं होतं. पुढच्या मांडवात कापडाखाली उजेड कमी, म्हणून फोटोग्राफरनं परस पसंत केलं. तिथं चुना दिलेली पांढरी भिंत होती. सकाळी सूर्य माळवदाच्या छतावर चढला की ऊन हळूहळू भिंतीवरून खाली उतरायचं. पुरतं उतरलं की माणसांचे डोळे मिटायचे. त्याच्या मधला जो वेळ, तो फोटोचा. वडील रोज सकाळी खडू घेऊन परसात उभे राहायचे, गिरणीचा एकेक भोंगा झाला की ऊन कुठवर आलं तिथं भिंतीवर रेघ मारायचे आणि शाळेला जायचे. लग्नाच्या सकाळचा कार्यक्रम त्यांनी त्या रेघांवर बसवला. त्याला ते ‘तास’ म्हणायचे. पहिला तास हळदीचा, दुसरा न्हाणाचा, तिसरा गौरीहराचा. आई म्हणाली, “मधली सुट्टी कधी आहे ते सांगा, म्हणजे मी चहा ठेवीन.”

एवढ्यात उपाध्यांच्या ध्यानात आलं, की लग्न परसात लागणार आणि तुळसही परसातच आहे. म्हणजे मुलीची आई आणि अक्षता, दोन्ही एकाच अंगणात! त्यांनी मधे जुनं लुगडं बांधून आडोसा करायला सांगितलं. लुगडं बांधलं. फोटोग्राफरनं येऊन ते सोडलं, सावली पडते म्हणून. उपाध्यांनी पुन्हा बांधलं. नवरा-नवरीच्या मध्ये एक अंतरपाट आणि माझ्या नि आईच्या मध्ये दुसरा, अशी ही ओढाताण दोन दिवस चालली.

“सोडून टाका ते,” शेवटी आई म्हणाली. “मी पाठ करून बसेन. तुळशीकडे तोंड. मी काय लहान मूल आहे वळून बघायला?”

उपाध्यांनी तिच्याकडून तसं कबूल करवून घेतलं, आणि लुगडं सुटलं.

पण फोटोग्राफरची खरी अडचण पुढंच होती. त्याच्या कॅमेऱ्याला तीन पाय होते, वर काळं फडकं, पुढं भिंगावर पितळी टोपण. ते टोपण काढायचं, तीन म्हणेपर्यंत थांबायचं आणि परत लावायचं. तेवढ्या वेळात जो हलला तो आतल्या फोटोच्या काचेवर पुसला गेला. आणि नेमक्या त्याच घटकेला लग्नात काय होतं? अख्खं गाव हलतं. अक्षता उडतात, टाळ्या वाजतात, वाजंत्री फुटतात, मागचे पुढे येतात.

“उडालेलं तांदूळ लई वंगाळ दिसतंय,” तो म्हणाला. “चेहऱ्यावर मुंग्या चढल्यावानी. असं करा, शेवटचं ‘सावधान’ झालं की हात वर धरा आणि थांबा. कुणी हलायचं न्हाय. मी ‘झालं’ म्हणलो की टाका अक्षता.”

उपाध्यांनी डोळे मिटले. तीन म्हणेपर्यंत मुहूर्त काही पळून जात नाही, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं असावं.

मास्तराच्या घरी एवढं कळल्यावर तालीम व्हायचीच. लग्नाच्या आधी तीन संध्याकाळी वडिलांनी आळीतली सगळी माणसं परसात जमवली. नवरा-नवरीनं खोटं खोटं उभं राहणं अशुभ, म्हणून माझ्या जागी पाट उभा केला आणि नवऱ्याच्या जागी मुसळ. तांदूळ कशाला वाया घालवायचे, म्हणून हातात ज्वारी. वडील मोठ्यानं ‘सावधान’ म्हणायचे, आणि सगळी आळी हात वर करून दगडासारखी उभी राहायची. हसू आलं तर पुन्हा पहिल्यापासून. आत्याला शिंक आली, पुन्हा. चिमण्या ज्वारी टिपायला आल्या आणि एक शेजारी त्यांना हाकलायला हलला, पुन्हा. मी माजघराच्या खिडकीतून बघत होते. त्या मुसळाशी माझं तीन दिवसांत कैक वेळा लग्न लागलं.

आईही तालमीला असायची. तुळशीकडे तोंड करून, तांब्या धरून, भिंतीला टेकवल्यासारखी. तिला खरं म्हणजे तालमीची गरज नव्हती. पण ‘सावधान’ झालं की सगळ्यांत आधी तीच स्तब्ध व्हायची, आणि ‘झालं’ म्हटल्यावरसुद्धा जरा वेळ तशीच राहायची. मधेच एकदा म्हणाली, “तो जावई जरा सरळ उभा करा, कलतोय,” तेव्हा वडिलांनी विचारलं, “तुला कसं दिसलं?” ती म्हणाली, “आवाजावरून.”

तालीम न झालेलं एकच माणूस राहिलं होतं, ते म्हणजे अख्खा वरपक्ष.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं, सीमंतपूजन झालं, आणि वडील सूचना द्यायला जानवशाला गेले. पण मुलीचा बाप वरपक्षाला सूचना कशी देणार? रोज शाळेत पोरांवर ओरडणारा हा माणूस तिथं हात जोडून उभा राहिला, आणि म्हणाला, उद्या आपल्याला वाटलंच, आणि सवड झालीच, तर अक्षतांच्या वेळी क्षणभर थांबावं अशी एक आपली नम्र विनंती, म्हणजे आग्रह नाही. व्याह्यांना वाटलं हा काही तरी मानपान बोलतोय. “असू द्या, असू द्या,” ते म्हणाले, आणि पानाचा डबा पुढे केला. वडील पान खाऊन परत आले. “सांगितलं त्यांना,” म्हणाले.

लग्नाच्या सकाळी सगळं रेघेबरहुकूम झालं. हळदीचा तास संपला, न्हाणाचा संपला, गौरीहरापाशी मी बसले. शेवटचा भोंगा झाला आणि ऊन ठरल्या रेघेवर आलं. फोटोग्राफरनं कॅमेरा परसाच्या मधोमध असा लावला होता की भिंत आणि आम्ही दोघं दिसावं, तुळशीचा कोपरा बाहेर राहावा. उपाध्यांनी ते स्वतः फडक्यात डोकं घालून बघून घेतलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, “सगळं उलटं दिसतंय.” पण तुळस नव्हती, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

घंगाळात मुहूर्त मोजणारं घटिकापात्र बुडत आलं. अंतरपाट धरला. पलीकडे नवरा उभा असणार, मला त्याची नुसती पावलं दिसत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. आई उठून तुळशीपाशी गेल्याचं मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

शेवटच्या मंगलाष्टकाला नवऱ्याचे मामा, त्यांना नीट दिसेना म्हणून, पुढे सरकले. मामा उंच, त्यावर फेटा, आणि ते थेट भिंगापुढं. फोटोग्राफर फडक्याखालून ओरडला. मामांना वाटलं तो मंगलाष्टक म्हणतोय. मग त्यानं कॅमेराच उचलला, तिन्ही पायांसकट, आणि चार पावलं बाजूला नेऊन ठेवला.

“सावधान!”

अंतरपाट दूर झाला. मी वर बघितलं. मुसळापेक्षा बरा होता.

आणि आमचा अख्खा वधूपक्ष, शिकवल्याप्रमाणे, हात वर करून थिजला. आत्या, शेजारी, वडील, वाजंत्रीवालेसुद्धा. एकही अक्षता पडेना. वरपक्षाच्या मात्र पडल्या. पडल्या आणि थांबल्या, कारण त्यांनी आजूबाजूला बघितलं. मुलीकडचे लोक मुठी वळून, हात उगारून उभे!

“काय हो हे!” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या मुलावर अक्षता टाकायला जड होतात होय तुम्हाला?”

कुणी उत्तर देईना. फोटोग्राफरचं ‘झालं’ आलं नव्हतं, कारण तो अजून काळ्या फडक्यातून बाहेर पडायची वाट शोधत होता. वडील ओठ न हलवता काही तरी म्हणत होते. व्याही पुढे आले, “हा काय प्रकार आहे मास्तर?” म्हणून त्यांनी वडिलांचा उगारलेला हात धरला. वडिलांचा धीर सुटला. “टाका!” ते ओरडले. “टाका सगळ्या!” त्याबरोबर दाबून ठेवलेल्या सगळ्या अक्षता एकदम आल्या, वाजंत्री फुटली, मामा वळले, नवरा आपल्या आईची समजूत घालायला तिकडं झुकला आणि मला असं हसू फुटलं की मुंडावळ्या नाकावर आल्या. आणि बरोब्बर त्या घटकेला फोटोग्राफरनं टोपण काढलं, तीन म्हटलं आणि परत लावलं.

“झालं,” तो म्हणाला. मग परसाकडं नीट बघून म्हणाला, “अंतरपाट परत धरता का जरा? पुन्यांदा काढू.”

“एकाच मुलीची दोनदा लग्नं लावू?” उपाध्ये असे कडाडले की तो टोप सांभाळत मागे सरला. दुपारी त्यानं सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून एक फोटो काढला. तो उत्तम आला. त्यात विहीणबाईंचाही रुसवा गेलेला आहे. आई तेवढी नाही, कारण पंगत बसली होती, आणि किती हाका मारल्या तरी ती ‘आलेच’ म्हणत राहिली.

पण आईला हवा होता तो फोटो मी मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा आला. फोटोग्राफरनं स्वतःच आणून दिला आणि आणता आणता दारातूनच भांडायला सुरुवात केली. “मला बोलायचं न्हाय. माझी काच चांगली हाय. तुमची माणसं हलली.”

वडिलांनी कागद उघडला. त्यांचं तोंड बघून मीही वाकून बघितलं. फोटोत धूर होता. पांढरी भिंत, आणि तिच्यापुढं नुसता धूर. मामांचा फेटा ढगासारखा पसरला होता. विहीणबाईंना तीन नाकं होती. मुंडावळ्या होत्या, पण त्यांच्यामागं तोंड नव्हतं. माझ्या जागी काही तरी उजळ, हललेलं उभं होतं, एवढंच. मला रडू आलं. स्वतःसाठी नाही. त्या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. तिच्यासाठी मुहूर्त सरकला, सूर्याला रेघा मारल्या, आणि तिच्या हातात हे द्यायचं?

“दाखवू नका तिला,” मी म्हणाले. पण ती हात पुसत आलीच.

तेवढ्यात वडिलांचं बोट फोटोच्या कडेला जाऊन थांबलं. कॅमेरा उचलून बाजूला ठेवला होता ना, त्यामुळं तुळशीचा कोपरा आत आला होता. त्या सगळ्या धुरात तेवढाच कोपरा स्वच्छ, पाणी घातल्यासारखा. तुळशीचं पानन् पान दिसत होतं, वृंदावनाचा चुना दिसत होता, आणि त्याच्याशी बसलेली एक बाई दिसत होती. तांब्या हातात, पण धार तुळशीत पडायची ती तिच्या लुगड्यावर पडत होती. पाठ तुळशीकडे. मान उंचावलेली, तोंड किंचित उघडं. श्वाससुद्धा घेत नव्हती ती, घेतला असता तर पुसली गेली असती. त्या सबंध तालमीत एकच माणूस नीट शिकलं होतं.

वडिलांनी फोटोकडे बघितलं, मग आईकडे. “तू बघितलंस?”

आई अपराध्यासारखी उभी होती. गुरुजींना कबूल केलेलं, आणि पुरावा हातात. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती.

“बघितलं,” ती म्हणाली. “सगळं बघितलं. मुंडावळ्या नाकावर घेऊन हसत होती कार्टी.”

फोटोग्राफरचा तावातावानं चाललेला खुलासा वडिलांनी मधेच थांबवला, त्याला चहा द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो चौकटीत बसवून आणला आणि बाहेरच्या सोप्यात लावला. उपाध्ये आले की त्यांना वडील दुसऱ्या बाजूला बसवायचे. उपाध्येही कधी तिकडं वळून बघत नसत. मला वाटतं, त्यांनी पहिल्याच दिवशी बघून घेतला असावा.

आज तो फोटो माझ्याकडे आहे. आईचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही. नातवंडं, येणारे-जाणारे तो बघतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, हे लग्न म्हणता, पण यात नवरी कुठं दिसत नाही? मी त्यांना कोपऱ्यातल्या त्या बाईचं तोंड दाखवते. म्हणते, हिच्याकडं बघा. हिला दिसतेय.